गच्चीचा कठडा आणि आकाशातला धूर



जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. त्याच्या आधी पक्ष्याच्या घरट्याविषयीचा नियम येतो आणि नंतर द्राक्षमळ्यात पेरायच्या बियाण्याविषयीचा. त्यामुळे वाचताना त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. नियम असा की, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा. न बांधल्यास आणि वरून कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल (अनुवाद २२:८).

मराठवाड्यातल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे गच्ची किंवा माळवद ही घराची एक खोलीच असते. तेथे कुरडया-पापड वाळतात, तूर-हरभरा वाळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत अर्धे गाव वरच झोपते. बिनकठड्याच्या गच्चीवरून पडलेल्या मुलाची गोष्ट प्रत्येक गावात एक तरी असते.

या नियमात एक गोष्ट विशेष आहे. घर माझे, जागा माझी, विटा-चुन्याचे पैसे माझे. तरी परमेश्वर म्हणतो की दुसऱ्याच्या जिवासाठी तू तुझ्या खर्चाने कठडा बांध. ‘माझ्या घरात मी काहीही करीन’ हे उत्तर येथे चालत नाही. आजच्या भाषेत यालाच सरकारी नियमन म्हणतात. कारखाने, वीज केंद्रे आणि वाहने यांतून निघणाऱ्या हरितगृह वायूंवर सरकारने असा कठडा बांधावा की नाही, किती उंच बांधावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, यावर गेली तीस-पस्तीस वर्षे जगभर वाद चालू आहे. आज त्या वादाचा थोडा अभ्यास करू.

आधी एक आठवण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले होते आणि माणसे गाढ झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर येऊन लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो लोक गेले. त्यापूर्वी देशाच्या भूकंप नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो वरच्या पट्ट्यात गेला आणि बांधकामाचे नियमही त्यानुसार कडक झाले. म्हणजे नियम आला, पण माणसे गेल्यावर आला. तेव्हा निदान एवढे तरी म्हणता येत होते की भूकंपाची आगाऊ सूचना कोणालाच नव्हती. हवामानाच्या बाबतीत तसे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. जनावरांच्या रवंथातून, भातखाचरांतून आणि शहरांच्या कचरा डेपोतून मिथेन निघतो. हे वायू घोंगडीसारखे काम करतात. घोंगडीत स्वतःची ऊब नसते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. घोंगडी जाड झाली आहे.

तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते, तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे सात टक्के जास्त. म्हणून पाऊस येत नाही तेव्हा येतच नाही, आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात फार मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

आपल्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पाण्यासाठी जमाव करू नका असा हुकूम! धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली; दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. घागरी घेऊन रात्रभर जागलेली माणसे आपल्या ओळखीची आहेत. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात याच्या अगदी उलट घडले. १७ व १८ ऑगस्टच्या दरम्यान एवढा पाऊस पडला की लेंडीच्या काठची हसनाळ, रावणगाव यांसारखी गावे पाण्याने वेढली गेली, माणसे दगावली, गुरे दावणीला बुडाली आणि लोकांना वाचवायला लष्कर बोलवावे लागले. पुढे सप्टेंबरमध्ये साऱ्या मराठवाड्यात सोयाबीन काळे पडले आणि कित्येक ठिकाणी मातीच वाहून गेली.

येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. एखाद्या दुष्काळाचे किंवा पुराचे सगळे खापर हवामान बदलावर फोडता येणार नाही. मांजरा कोरडी पडली त्यात आपल्या उसाचाही वाटा होता आणि पाण्याच्या नियोजनाचाही. मुखेडच्या बाबतीत धरणाच्या कामाचे व पुनर्वसनाचे प्रश्नही आहेतच. पण आजारी माणसाला ऊन लागू नये एवढे तर आपण पाहतोच. आधीच अशक्त असलेल्या या मुलखावर हवामान बदलाचा भार पडतो आहे.

आता वादाकडे वळू. १९९२ मध्ये ब्राझीलमधील रिओ शहरात जगातील राष्ट्रांनी हवामानाविषयी एक करार केला. त्यातील मुख्य तत्त्व असे की जबाबदारी सर्वांची आहे, पण सर्वांची सारखी नाही; ज्यांनी जास्त धूर सोडला आणि ज्यांच्यापाशी जास्त पैसा आहे त्यांनी जास्त उचलावी. प्रभू येशूने, ज्याला पुष्कळ दिले आहे त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल असे सांगितले (लूक १२:४८), तोच हा न्याय. भारताची भूमिका तेव्हापासून या तत्त्वावर उभी आहे आणि ती रास्त आहे. आजही एका भारतीयामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तर एका अमेरिकनामागे सुमारे चौदा टन. ज्या घरात आताच कुठे दिवा लागला, त्या घराला ‘दिवा विझव’ असे सांगण्याचा अधिकार रात्रभर रोषणाई करणाऱ्याला नाही.

श्रीमंत देशांनी मात्र आपला शब्द धडपणे पाळला नाही. १९९७ च्या क्योटो करारातून अमेरिका २००१ मध्ये बाजूला झाली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला की हरितगृह वायू हे कायद्याच्या अर्थाने प्रदूषकच आहेत. त्यानंतर २००९ मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने ते लोकांच्या आरोग्याला घातक असल्याचे जाहीर केले, आणि २०२५ मध्ये त्याच संस्थेने ते जाहीर केलेले मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. २०१५ च्या पॅरिस करारातून बाहेर, मग आत, मग पुन्हा बाहेर, असे चालले आहे. अध्यक्ष बदलला की कठडा पाडायचा, दुसरा आला की पुन्हा बांधायचा. गच्चीवर झोपलेल्याने काय करावे?

नियमच निरुपयोगी असतात, असे यावरून कोणी म्हणेल. ते खरे नाही. ओझोनच्या थराला भोक पाडणारे फ्रीज आणि फवाऱ्यांतील वायू बंद करण्याचा करार १९८७ मध्ये माँट्रिअल येथे झाला. कंपन्यांनी आरडाओरड केली, तरी नियम टिकला आणि आज तो थर सावरतो आहे.

आपल्या देशात काय झाले? २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद व क्लोर-अल्कली या चार उद्योगांतील २८२ कारखान्यांना उत्सर्जनाची मर्यादा प्रथमच कायद्याने घालून देण्यात आली. जो कारखाना मर्यादेपेक्षा कमी धूर सोडेल त्याला प्रमाणपत्रे मिळतील. जो जास्त सोडेल त्याला ती विकत घ्यावी लागतील.

ही मर्यादा एकूण धुरावर नाही, दर टन मालामागच्या धुरावर आहे. फरक समजण्यासाठी चुलीचे उदाहरण घ्या. जुन्या चुलीवर दहा भाकरींना दहा काटक्या लागत. नव्या चुलीवर सहाच लागतात. नियम पाळला गेला, शाबासकी मिळाली. पण आता घरात वीस भाकरी होतात, म्हणजे बारा काटक्या जळतात. भाकरीमागचा धूर कमी झाला, घरातला धूर वाढला. कोणी म्हणेल ही फसवणूक आहे. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या घरात मुले अर्धपोटी होती तेथे भाकरी वाढायलाच हव्यात. आमचा प्रश्न वेगळा आहे. या वाढलेल्या दहा भाकरी कोणाच्या ताटात गेल्या?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले तेव्हा त्यांनी या वादाच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. गरीब देशांवर श्रीमंत देशांएवढाच भार टाकणे अन्यायाचे आहे, असे ते सांगतात (परिच्छेद १७०). कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीविषयी ते सावध करतात, कारण त्यातून नवी सट्टेबाजी सुरू होऊ शकते आणि काही देशांची व लोकांची चैन तशीच चालू राहू शकते (परिच्छेद १७१). आणि त्याच्या लगेच पुढच्या परिच्छेदात ते गरीब देशांकडे वळतात. दारिद्र्य हटवणे हे तुमचे पहिले काम आहेच, पण तुमच्याच देशातील काही वर्गांची बेसुमार उधळपट्टी आणि भ्रष्टाचार यांकडेही डोळे उघडून पाहा, असे त्यांचे म्हणणे आहे (परिच्छेद १७२). आमच्या मते साऱ्या वादाची गाठ येथे आहे.

जगाच्या व्यासपीठावर आपला देश म्हणतो की आमच्या गरिबांकडे पाहा. योग्यच आहे. पण दरडोई दोन टन ही सरासरी आहे. त्या सरासरीत मुखेडची शेतमजूर बाई आहे आणि चार वातानुकूलित खोल्यांत, दोन मोटारींसह राहणारे कुटुंबही आहे. त्या बाईच्या वाट्याचा धूर कमी आहे म्हणून देशाची सरासरी कमी दिसते. तिच्या गरिबीचा आडोसा घेऊन दुसऱ्याने धूर सोडायचा आणि पूर आला की घर मात्र तिचे वाहून जायचे, याला काय म्हणावे? ‘जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही’ हे तत्त्व दिल्लीहून परदेशात जाताना जसे बरोबर नेले जाते, तसे ते देशाच्या आतही लागू व्हायला हवे.

नियमाला विरोध करणाऱ्यांचेही ऐकले पाहिजे. आपल्याकडची सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर होते. परळीच्या औष्णिक केंद्रावर कितीतरी कुटुंबांचा प्रपंच चालत आला आहे. राखेच्या धंद्यावरही चालतो, त्याच्या बऱ्या-वाईटासकट. उद्या कोळसा बंद करा म्हटले तर त्या माणसांनी जायचे कोठे? हा प्रश्न कामगारविरोधी नाही, पर्यावरणविरोधीही नाही. मात्र त्याच परळीच्या केंद्राची दुसरी बाजू अशी, की फेब्रुवारी २०१३ मध्ये ते संपूर्ण बंद करावे लागले. कोळसा होता, कायद्याची आडकाठी नव्हती. थंड करायला पाणी नव्हते. २०१५ च्या दुष्काळातही तेच झाले. नियम नसला म्हणजे रोजगार सुरक्षित राहतो, असे नाही.

खर्चाचेही तसेच आहे. नियम पाळणे महाग पडते हे कारखानदारांचे म्हणणे खोटे नाही. पण ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने पूर-अतिवृष्टीसाठी जाहीर केलेले मदतीचे पॅकेज ३१,६२८ कोटी रुपयांचे होते. कठडा न बांधण्याचाही खर्च येतो, फक्त त्याचे बिल दुसऱ्याच्या नावाने फाटते.

नियम चांगल्या हेतूने केला तरी त्याची झळ कोणाला बसते, हे लातूरकरांनी उसावरून ओळखावे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले. परदेशी तेल कमी लागेल, धूर कमी होईल, शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळेल. तिन्ही गोष्टी चांगल्या. पण नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालाप्रमाणे उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. ज्या जिल्ह्याने रेल्वेने पाणी आणले, त्या जिल्ह्याच्या शिवारातून ते पाणी मोटारीच्या टाकीत जाणार! पुन्हा २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेली यंत्रे अडचणीत आली, आणि पुढच्या हंगामासाठी ती बंदी उठली. ऊस लावणारा शेतकरी येथे खलनायक नाही. हमखास पैसा देणारे दुसरे पीक त्याच्या हाती कोणी दिलेले नाही.

पवित्र शास्त्रालाही हे दुधारी शस्त्र ठाऊक आहे. मिसरात सुकाळाची सात वर्षे असताना योसेफाने पिकाचा पाचवा हिस्सा सरकारी कोठारांत जमा करण्याचा नियम केला (उत्पत्ती ४१). पुढे येणारे संकट ओळखून सरकारने आधीच केलेला हा नियम. त्याने लाखो जीव वाचले. येथपर्यंतची गोष्ट आपण बालवर्गात शिकवतो. पण सत्तेचाळीसावा अध्याय क्वचितच वाचला जातो. दुष्काळात लोक त्याच कोठारातून धान्य घ्यायला आले तेव्हा त्यांचे पैसे गेले, मग गुरे गेली, मग जमिनी गेल्या आणि शेवटी ते फारोचे दास झाले. सूट मिळाली ती फक्त फारोच्या पुरोहितांना. (हे वाक्य वाचताना आम्हाला जरा अवघडल्यासारखे होते, हे कबूल करतो.) म्हणून नियम हवा एवढे म्हणून भागत नाही. नियमाने भरलेले कोठार कोणाचे आणि सूट कोणाला, हेही विचारावे लागते.

सुटीचे उदाहरण दूर नाही. औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूवर डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा घातली. हा वायू हरितगृह वायूंपैकी नाही, पण तो छातीला घातक आहे आणि नियमांचे पुढे काय होते ते त्यावरून दिसते. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना या अटीतून सूट देण्यात आली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, यंत्रणा महाग आहे, ही कारणे दिली गेली. कदाचित त्यांत तथ्य असेल. मग दहा वर्षांपूर्वीचा नियम कशाच्या आधारे केला होता, हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे.

आणि आता तो हक्क नुसता नैतिकही राहिलेला नाही. २१ मार्च २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हा संविधानाच्या १४ व २१ या कलमांतून येणारा नागरिकांचा अधिकार आहे. गंमत अशी की हा खटला माळढोक पक्ष्याचा होता. सौर विजेच्या तारांवर आदळून तो मरतो, म्हणून तारा जमिनीखाली घालाव्यात अशी मागणी होती. पक्ष्याचे घरटे आणि घराचा कठडा अनुवादाच्या पुस्तकात शेजारी-शेजारी का आले, याचा उलगडा आम्हाला या निकालाने थोडासा झाला.

कोणत्या पक्षाला मत द्यावे हे ख्रिस्तसभा सांगत नाही, सांगणारही नाही. ‘लाउदातो सी’मध्येही म्हटले आहे की विज्ञानाचे प्रश्न सोडवणे किंवा राजकारणाची जागा घेणे हे ख्रिस्तसभेचे काम नाही, चर्चा प्रामाणिक व खुली व्हावी, काही ठरावीक लोकांच्या स्वार्थाने सर्वांच्या हिताला बाधा येऊ नये, एवढी तिची कळकळ आहे (परिच्छेद १८८). आता हाच आग्रह आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे धरायचा आहे.

त्यासाठी या आठवड्यात लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकांत अनुवाद २२:६-९ आणि उत्पत्ती ४७:१३-२५ हे दोन उतारे एकामागून एक वाचावेत. ज्या कुटुंबांनी २०१६ चे लातूर पाहिले आहे किंवा ज्यांचे नातलग मुखेडकडे आहेत, त्यांनी आपला अनुभव सांगावा. तरुणांनी तो लिहून घ्यावा. लिहून घेतलेले अनुभव जोडून आपल्या भागातील आमदार-खासदारांना एक पत्र द्यायचे आहे. पत्रात विचारायचे आहे की कार्बनच्या व्यापारातून येणाऱ्या पैशांपैकी दुष्काळ-पूर सोसणाऱ्या गावांना काय मिळणार, कोळशावर जगणाऱ्या कामगारांसाठी पर्यायी कामाची योजना कोणती, आणि इथेनॉलसाठी लागणारे पाणी मांजरा व गोदावरीच्या हिशेबात कोठे धरले आहे. पत्राचा मसुदा पुढच्या रविवारी मिस्सानंतर वाचून दाखवला जाईल. दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी चर्चच्या दारापाशी ठेवलेल्या वहीत लिहाव्यात. सह्याही त्याच वहीत करायच्या आहेत.